डाव्या बाजूचं पॅकिंग

बुचाची पट्टी, इंजिनाचं पॅकिंग. सव्वा वीत लांब, मधे पोकळ, फुंकर मारली तर उडून जाईल इतकी हलकी — आणि हिच्यापायी तीन म्हातारे माझ्या दारात येऊन उभे राहिले... अत्सेदे गाडीखाली पोत्यावर उताणी पडून ती पट्टी डोळ्यांसमोर धरून बघत होती. तीन शहाणेसुरते म्हातारे, पांढऱ्या शाली पांघरलेले, काठ्या टेकत आलेले, आणि त्यांच्या मागे मान खाली घालून धाकटा दीर, शिफेराव. कॉफी घ्या म्हटलं तर नको, बसा म्हटलं तर नको. आधी शब्द दे, मग कॉफी! मध्यस्थीला आलेले म्हातारे मागितलेलं पदरात पडेपर्यंत टेकत नाहीत, आणि त्यांना परत पाठवणारीचं तोंड पुढं गल्लीत कुणी बघत नाही. दिला शब्द. शनिवारी संध्याकाळपर्यंत तेलाची गळती थांबली तर गाडी अत्सेदेची, नाही थांबली तर शिफेराव घेऊन जाणार. म्हणजे सांभाळणार! डोंबल सांभाळणार.

आणि आज शनिवार होता.

मंगळवारी एक पॅकिंग बसवून झालं होतं, गुरुवारी दुसरं. दोन्ही वेळा इंजिन तापलं की डाव्या टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या झाकणाच्या, खालच्या कडेला तेलाची रेघ फुटायची, रेघेचा थेंब व्हायचा आणि तो टपकन खालच्या गरम नळीवर पडून जळायचा — तोच वास, तीस वर्षं नाकात बसलेला, चर्चला जाताना नेसलेल्या पांढऱ्या सुतालाही चिकटणारा. गाडीचा स्वभावच आहे तो, तेक्लू म्हणायचा. माणसाला घाम येतो तसं. आणि हसायचा. गेल्या सहा वर्षांत त्याला धड दिसत नव्हतं, गाडी तीच चालवायची, तो शेजारी बसून पियासाच्या चढावर "गिअर बदल, गिअर बदल" म्हणत राहायचा. पण गाडीखाली मात्र तोच जायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. आता तो गेला, छत्तीस दिवस झाले, आणि या लोकांना अचानक साक्षात्कार झाला की गाडी बाईच्या हातात राहिली तर सडेल. सहा वर्षं कोण चालवत होतं रे? तुमच्या बायकांना बाळंतपणाला दवाखान्यात कुणी नेलं? गाडी गेली की मी या फाटकाच्या आत, हे त्यांना कळत नाही असं नाही. चांगलं कळतं.

"अगं अत्सेदे!" कुंपणापलीकडून झेनेबेचचा आवाज आला. तीस वर्षांची शेजारीण, तिला दिसत नाही अशी गोष्ट गल्लीत नाही. "काळ्या कपड्यांत गाडीखाली? चाळीस दिवस तरी होऊ देत, बाई. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील अत्सेदे गाडीखाली आहे. आहेच की."

"मिस्त्रीला बोलव ना."

"येऊन गेला तो. म्हणाला, एत्ये, ताई, कव्हर वाकलंय, इंजिन म्हातारं झालंय, द्या सोडून. माझ्याकडं बघत म्हणाला, मेला!"

झेनेबेच फिस्सकन हसली आणि लगेच, दुखवट्याचं घर आहे हे आठवून, तिनं तोंडावर हात धरला.

कव्हर वाकलेलं नव्हतं. तिनं ते खिडकीच्या काचेवर पालथं घालून चारी बाजूंनी वाकून बघितलं होतं, कुठून उजेडाची रेघ दिसत नव्हती. कव्हर दाबून धरणारी तारेची कडी घट्ट होती, इतकी की खाली ओढताना काल नख उलटलं. पॅकिंग नवं, मर्कातोच्या बाजारातून आणलेलं. मग येतं कुठून? सगळं बरोबर असताना तेल बाहेर येतंच कुठून? तिला त्या तेलाचासुद्धा राग आला... आणि बॅटरी उजव्या हातातून डाव्या हातात घेताना झोत कव्हरवरून सरकून वर गेला, जिथं कव्हर बसतं त्या कडेवर.

उजेड इकडं धर. माझ्या हातावर धर. वर काय बघतेस, इकडं!

दर वर्षी ईस्टरनंतरच्या सोमवारी तेक्लू असाच या पोत्यावर पडायचा आणि ती बाजूला उकिडवी बसून बॅटरी धरायची. कव्हर काढायचं, छातीवर घेऊन पुसायचं, लेकराला पुसावं तसं, त्याला गोंद लावायचा, पॅकिंग चिकटवायचं, वर दाबायचं, कडी चढवायची — झालं! आता मुंगी जायची नाही. उजेड कायम त्याच्या हातांवर. वर, इंजिनाच्या कडेवर त्याची नजर... तिनं आठवून बघितलं, पुन्हा आठवून बघितलं. एकदाही नाही.

तिनं उलटलेल्या नखाचंच बोट वर नेलं. कड काळी, टणक, गुळगुळीत, लोखंडच. मंगळवारी तिनं ती लोखंड समजूनच फडक्यानं पुसली होती. आता दाबलं तर नख किंचित आत गेलं.

लोखंडात नख जात नाही.

स्वयंपाकघरातली कांदा चिरायची सुरी आणली. पेट्रोलचं फडकं दाबून धरलं, मग सुरीचं टोक सरकवलं, आणि एक काळी पापडी सुटून तिच्या गालावर पडली. पॅकिंग! जळून दगड झालेलं जुनं पॅकिंग. त्याच्यावर तांबडा गोंद, त्याखाली आणखी एक. त्याखाली पिवळट गोंद, आणि पुन्हा एक. कव्हरला चिकटवलेलं पॅकिंग एखाद्या वर्षी वरच्या गोंदाला धरून वरच राहायचं, हा बाबा रिकामं कव्हर बघून म्हणायचा, जुनं गेलं वाटतं झडून — आणि त्यावर नवं! चार थर. वेडंवाकडं, उंचसखल. त्याच्यावर देवानं जरी पॅकिंग बसवलं असतं तरी गळलंच असतं.

आधी तिला हसू आलं. मग सुरी हातातच राहिली.

तीस वर्षं, तेक्लू. तीस वर्षं मी अंगणातली फरशी राख टाकून घासली. तुझे शर्ट उकळले. तुझ्या भावानं बोलायचं, पाहुण्यांनी नाकाला पदर लावायचा, आणि मी म्हणायची, गाडीचा स्वभाव आहे हो तो. गाडीचा कुठला? तुझा होता! वर बघायला काय झालं होतं? मला बघू दिलं असतंस तर? मी म्हटलंही होतं एकदा, झोत वर नेऊन, हे काय काळं काळं... आणि तू म्हणालास — काय म्हणालास तू? — उजेड धर नीट. बस्स.

ती सपासप खरवडत राहिली. खाली खरं लोखंड उघडं पडलं, पांढरं, थंड. पुसून, वाळवून, गोंद फक्त कव्हरला लावून तिनं नवं पॅकिंग बसवलं आणि कडी ओढली. ती सहज चढली. नखसुद्धा लागलं नाही.

ऊन उतरताना शिफेराव आला, सोबत त्या तीन म्हाताऱ्यांतले थोरले, गल्ली ज्यांना मानानं गाशे म्हणते ते बेझाबेह. इंजिन तासभर चालू होतं. शिफेराव गुडघ्यांवर बसला, आत हात घातला, कव्हरची खालची कड चाचपली आणि बोटं बाहेर काढून उजेडात धरली. कोरडी. पुन्हा घातली, पुन्हा कोरडी. गरम नळीवर काही जळत नव्हतं. अंगणात नुसता झेनेबेचच्या कॉफीचा वास होता. निकाल ऐकायला ती किटली घेऊनच आली होती.

शिफेरावची हनुवटी थरथरायला लागली. थेट तेक्लूची हनुवटी.

"दादाचा हात," तो म्हणाला. "बघा गाशे, दादानंच बसवलेलं. जरा मुरायला वेळ लागला, इतकंच. मेल्यावरसुद्धा..." आणि तो रडायलाच लागला.

"हातच तसा होता तेक्लूचा," गाशे बेझाबेह काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले. "गाडी इथंच राहू दे, पोरा. त्याच्या हातचं काम आहे, घराबाहेर जाऊ नये. काय अत्सेदे, त्याचंच ना काम?"

खरवडलेल्या पापड्या बाजूलाच फडक्यात होत्या. फडकं उघडायचं, एवढंच. चारच थर, गाशे, मोजून घ्या. पण समोर त्याचा भाऊ मातीत गुडघे टेकून रडत होता, अजून चाळीस दिवसही झाले नव्हते, आणि मेलेल्या माणसाचं हसं करणारी बाई... आणि नाही सांगितलं तर? तर उद्यापासून गल्लीभर हेच. दादाचा हात. लेकीला हेच, नातवंडांना हेच. हा हात माझा आहे रे, बघा की, नख उलटलंय! ते नख समोरच्या तिघांच्या डोळ्यांपुढं होतं आणि कुणी बघत नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

आणि तो शब्द तोंडातून गेल्याबरोबर तिनं गाडीचा पत्रा धरला. छत्तीस दिवसांत पहिल्यांदा ती रडत होती — मोठ्यानं, हुंदके देत, तेलकट मुठी पत्र्यावर आपटत. झेनेबेचनं किटली खाली ठेवून तिला कवेत घेतलं. "रड, बाई, रड. आली एकदाची आठवण त्याची." अत्सेदेनं जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, हे त्याच्यासाठी नाही, पण मुठी थांबेनात, आणि नक्की कुणासाठी, हे तिला स्वतःलाच सांगता येईना.