रिकाम्या यादीचं खापर

मी एक जुनी गाळणी आहे. चहाची नव्हे हं! एका इस्पितळाच्या वेबसाइटवर, जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकभाषेच्या चार ओळींत राहणारी. आणि मित्रांनो, आज माझं डोकं भयंकर तापलं आहे.

मला इस्पितळाच्या संगणक विभागातल्या चष्मेवाल्या बाईंनी लिहिलं. मी स्वतः फंक्शन, म्हणजे ठरलेलं एक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, पण निवड कशी करायची ते मला कळत नाही. त्यासाठी दुसरं फंक्शन माझ्या हाती द्यावं लागतं. त्याला मी परीक्षक म्हणते. एकेक रुग्ण मी त्याच्यापुढे उभा करते. तो 'हो' म्हणाला की रुग्ण यादीत. 'नाही' म्हणाला किंवा गप्प बसला की बाहेर. परीक्षक बदला, यादी बदलते. "एकटी दहाजणींचं काम करते," असं बाई कौतुकाने म्हणायच्या.

मग बाई दुसऱ्या विभागात गेल्या आणि माझ्या नशिबी आले घाईसाहेब. सगळं ऑफिस त्यांना याच नावाने ओळखतं. पेनिसिलिन कुणाला सोसत नाही, हे शोधणारा नवा परीक्षक त्यांनी लिहिला. गडी तपासायचा बरोबर. पण तपासून मला उत्तर द्यायचं, हे साहेबांनी त्याला सांगितलंच नाही! मी विचारतेय आणि तो आपला मुका. सगळे रुग्ण बाहेर, यादी कोरी. साहेब खूश, "वा! एकही एरर नाही!" एखादा खोटा रुग्ण घालून पारखून बघायचं? छे, तेवढी सवड कुणाला!

सकाळी नर्सने संगणकाच्या पडद्यावर पेनिसिलिनची यादी पाहिली. कुणाचंच नाव नाही. पेनिसिलिनचं इंजेक्शन भरून ती एका आजींच्या खाटेपाशी गेली. आजींची लेक किंचाळली, "अहो, थांबा! आईला हे चालत नाही. मागे श्वास कोंडला होता तिचा. भरती करतानाच सांगितलंय मी!"

"पण इथे तर नाव नाही हो," म्हणत नर्सने इंजेक्शन खाली ठेवलं.

यावर घाईसाहेब म्हणतात काय, "ती जुनी गाळणीच बिघडलीय. काढून टाकू." चोर तो चोर, वर शिरजोर! शेवटी बाईंना बोलावलं. त्यांनी परीक्षक उघडला आणि म्हणाल्या, "अहो, हा उत्तरच देत नाहीये." त्यांनी 'return', म्हणजे 'उत्तर परत दे', हा एक शब्द जोडला आणि आजींचं नाव यादीत आलं. साहेबांनी मात्र कामाच्या नोंदीत लिहिलं, 'जुन्या गाळणीतला दोष दूर केला.'

मित्रांनो, खापर माझ्यावर फोडा, मी सोसेन. पण ज्याला काम सांगाल, त्याचं उत्तर ऐकल्याशिवाय जागचे हलू नका. गप्प बसलेला माणूस 'सगळं ठीक आहे' म्हणत नसतो. त्या दिवशी आजींची लेक खाटेपाशी होती. प्रत्येकाची लेक खाटेपाशी नसते.