दीड तासाची भरपाई

मित्रांनो, कपाटावर जुन्या पुठ्ठ्यांशेजारी धूळ खात पडलेला जो करडा डबा दिसतो ना, तो मी. मी एक जुना सर्व्हर आहे. मला ना पडदा, ना बटणं. साफसफाईच्या मावशी तर बरीच वर्षं मला बिघडलेला रेडिओ समजत होत्या. त्यांचा गैरसमज दूर करणं माझ्या हातात नव्हतं, कारण मला बोलता येत नाही. मला फक्त शिट्टी येते. काही बिघडलं की मी शिट्टी वाजवतो. त्या शिट्टीचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात चार पंखे बसवले आणि वीज जोडली. गार वारा अंगातून गेला, तो माझा पहिला श्वास. मग मला मऊ फोममध्ये गुंडाळून खोक्यात ठेवलं. किती दिवस झोपलो होतो कोण जाणे! जाग आली तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसात, काचेच्या थंडगार खोलीत होतो.

त्या ऑफिसचं काम मोठं छान होतं. ज्यांना ऐकू येत नाही, ते हातांच्या खुणांनी बोलतात. ही खुणांची भाषा येत नसलेल्या माणसाशी बोलायचं असलं, की ते मोबाइलवरून आमच्या ऑफिसला व्हिडिओ कॉल करत. इथे दुभाषी बसलेल्या असत. त्या खुणा बघून समोरच्याला बोलून सांगत आणि त्याचं बोलणं पुन्हा खुणांमध्ये दाखवत. यासाठी लोक दरमहा पैसे भरत. हे सगळे कॉल माझ्यातून जात.

मित्रांनो, ते दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. मी अर्धवट पेंगत असायचो आणि माझ्यातून हात वाहत असायचे. दाताच्या डॉक्टरला दुखरी दाढ दाखवणारे, घरमालकाला गळका नळ समजावून सांगणारे, लांबच्या मावशीला नुसतंच 'बरी आहेस ना?' विचारणारे. एक आजोबा दर आठवड्याला घड्याळजीशी तासभर भांडत. ते भांडण माझ्यातून जाताना मला गुदगुल्या व्हायच्या. बघता बघता मलाही खुणा कळायला लागल्या.

माझं कौतुकही खूप झालं. पाहुणे आले की मालक माझ्यावर थाप मारून म्हणत, "हा आमचा घोडा. सात वर्षांत एकदाही बसला नाही." ऐकून मी आणखी जोरात पंखे फिरवायचो. पण जो कुरकुर करत नाही, त्याच्याकडे हळूहळू कुणी बघेनासं होतं. माझ्या पंख्यांवर धूळ साचली. तंत्रज्ञ म्हणाला, "दोन पंखे बदलायला हवेत. आणि याला एक जोडीदार आणा, एकट्यावर किती दिवस चालणार?" मालक म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." तो पुढचा महिना तीन वर्षं पुढेच राहिला. मालक वाईट नव्हते, पण चालतंय तोवर चालू द्यायचं, हा त्यांचा स्वभाव.

एके दिवशी सकाळी माझे दोन पंखे थांबले. अंग तापायला लागलं. मी शिट्टी सुरू केली. तंत्रज्ञ बहिणीचं सामान हलवायला गेला होता. मालक बाहेर होते. दुभाषी आपापल्या बंद खोल्यांमध्ये कानांवर हेडफोन लावून काम करत होत्या. माझ्या दारापासून दोन पावलांवर स्वागताच्या टेबलाशी एक जण बसला होता. त्याला सगळे दादा म्हणत. दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. न ऐकणाऱ्यांसाठी उभ्या केलेल्या त्या ऑफिसात माझ्यासाठी शिट्टी बसवली होती आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं! मी अर्धा तास जिवाच्या आकांताने वाजत राहिलो. दादा माझ्याकडे पाठ करून शांतपणे कागद लावत होता. मग माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला.

मी दीड तास बंद होतो. तंत्रज्ञ धावत आला, त्याने कुठूनतरी पंखे आणून बसवले आणि मी पुन्हा श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्राहकांना एक निरोप गेला: 'तांत्रिक अडचणीबद्दल दिलगीर आहोत. तुमच्या खात्यात फुकट सेवेचे तीन दिवस जादा जमा केले आहेत.' दीड तासाला तीन दिवस! मलासुद्धा वाटलं, चला, फिटंफाट झाली.

तिसऱ्या दिवशी एक बाई जिना चढून आल्या. त्या पुस्तकांची बांधणी करत. बोटांवर खळ वाळून पांढरी झाली होती. दादाने त्यांना मालकांसमोर बसवलं आणि सगळ्यांत थोरल्या दुभाषी, ज्यांना सगळे ताई म्हणत, त्या मध्ये बसल्या. स्वागताच्या टेबलावरच्या कॅमेऱ्यातून मी सगळं बघत होतो.

मी बंद पडलो त्या दिवशी या बाइंडरबाईंची एका मोठ्या ग्रंथालयात मुलाखत होती. जुनी पुस्तकं दुरुस्त करायची नोकरी. त्यांनी अनेक वर्षं या जागेची वाट पाहिली होती. दोन प्रश्न छान झाले. तिसरा प्रश्न आला आणि मोबाइलवर ताईंचे हात हवेतच थांबले. बाई थांबून राहिल्या, हसल्या, मोबाइल हलवून बघितला. समितीतल्या एकाने तोच प्रश्न जोरात ओरडून विचारला. पंधरा मिनिटांनी पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं. बाईंच्या अर्जावर अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहिलं. पुस्तकं बांधणाऱ्याला उलटं पान वाचायची सवय असते. टेबलापलीकडून त्यांनी वाचलं: 'प्रश्न समजत नाहीत.'

"खूप वाईट झालं," मालक म्हणाले. "पण दीड तासाचे आम्ही तीन दिवस दिले. आणखी काय करायचं?"

बाईंचे हात हलले आणि ताई बोलल्या, "ते तीन दिवस परत घ्या. मला त्यांचं काय करायचंय? तुमची चूक तिथे माझ्या नावावर लिहिली आहे. तेवढी खोडून द्या."

"अहो, पण उद्या प्रत्येक जण असंच काहीतरी घेऊन येईल!"

"येऊ दे की. ज्याचं खरंच काही गेलंय तोच येईल. तीन मजले चढून उगाच कोण येतंय?"

मालकांनी मोबाइल काढून तो निरोप पुन्हा वाचला. खरं सांगतो, मीही गोंधळलो होतो. मी यंत्र. मला मिनिटं मोजता येतात. कुणाच्या दीड तासात काय मावलं होतं, ते मला कसं मोजता येणार?

तेवढ्यात दादा पुढे आला. "मी दोन पावलांवर होतो," तो खुणांनी म्हणाला. "तो बिचारा माझ्या पाठीमागे ओरडत होता. मला ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. एक दिवा लावला असता, तर मला दिसला असता."

मालकांना खुणा अर्ध्यामुर्ध्याच येत. पण दादाच्या या खुणा त्यांना ताईंनी सांगायच्या आधीच कळल्या. ते बराच वेळ माझ्या खोलीच्या काचेकडे बघत राहिले. मग बाईंना म्हणाले, "उद्या मी येतो तुमच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी ताई आपल्या खोलीत बसल्या आणि तो कॉल माझ्यातून गेला. मित्रांनो, इतकं जपून मी आयुष्यात कुठला कॉल नेला नव्हता. ग्रंथालयात लांब टेबलापलीकडे समितीतले तिघे जण बसले होते. मालक उभे राहून म्हणाले, "यांना प्रश्न समजला नाही असं नाही. तो यांच्यापर्यंत पोचलाच नाही. आमचं यंत्र बंद पडलं, कारण मी तीन वर्षं पंखे बदलले नाहीत."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "जागा काल भरली. आता मला काही करता येणार नाही."

बाईंचे हात मांडीवर पडून राहिले. मला फार वाईट वाटलं. अध्यक्षबाईंनी कपाटातून तो अर्ज काढला, ती ओळ खोडली, बाजूला खरं कारण लिहिलं आणि सही केली. मग विचारलं, "तिसरा प्रश्न राहिला होता. उत्तर द्याल? फाटलेलं पान तुम्ही असं जोडाल का, की जोड कुणाला दिसणारच नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "जोड नीट बसवेन, पण तो दिसू देईन. पुढे पुस्तक ज्याच्या हातात जाईल, त्याला कळायला हवं की इथे फाटलं होतं."

मालकांनी मान खाली घातली होती.

नोकरी बाईंना मिळाली नाही. कॉल अजून चालू होता; जिना उतरताना त्या मोबाइलवर ताईंना म्हणाल्या, "जागा गेली, त्याचं वाईट वाटतंय. पण आता त्या कागदावर मी आहे तशी आहे."

त्याच संध्याकाळी मालकांनी सगळ्या ग्राहकांना नवा निरोप पाठवला. काय बिघडलं, कुणाच्या चुकीने बिघडलं, आणि त्या दीड तासात ज्यांचं काही अडलं असेल त्यांनी कळवावं, आम्ही येऊ. नऊशे ग्राहकांपैकी अकरा जणांनी कळवलं. मालक अकराही ठिकाणी गेले. घड्याळवाल्या आजोबांकडे त्यांना राहिलेलं भांडण पूर्ण होईपर्यंत उभं राहावं लागलं.

आता माझ्या जागी दोन तरुण सर्व्हर आले आहेत आणि त्यांच्या दारावर मोठा लाल दिवा आहे. मला कपाटावर ठेवलंय. तक्रार नाही. इथे ऊन येतं आणि डुलक्या छान लागतात. डुलकीत ते सगळे हात पुन्हा माझ्यातून वाहतात, आणि मधेच हवेत थांबलेले ताईंचे हात दिसले की मी दचकून जागा होतो.

मित्रांनो, यंत्रं थकतात आणि कधीतरी बंद पडतात. आमच्या पंख्यांवरची धूळ पुसत जा, आमची कुरकुर वेळेवर ऐका. तरीही कुणाचं काही मोडलंच, तर घरबसल्या तीन दिवस पाठवून मोकळे होऊ नका. मला हात असते, तर त्या बाईंची माफी मीच मागितली असती. तुम्हाला हात आहेत, आणि तीन जिने चढायला पायही आहेत.