लेकीच्या लग्नातला पाहुणा

राहात्यात कुणाचंही लग्न असलं, की गहिनीनाथ सकाळपासून आचाऱ्याच्या चुलीशेजारी उभे असायचे. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. घरची पेरूची बाग सांभाळणारा माणूस. पण भात किती टाकायचा, पंगत कधी बसवायची, वाढपी कुठे कमी पडतायत, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. लग्नघरची माणसं सगळं त्यांच्यावर सोपवून मोकळी व्हायची. त्यामुळे त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, सुकन्याचं लग्न ठरलं तेव्हा सगळे धरूनच चालले होते, की आता तालुक्यात कुणी जेवलं नसेल असं जेवण होणार.

सुकन्या अमेरिकेत, अटलांटाला नोकरीला होती. मुलगा अमृत, तोही मराठी, तिच्याच ऑफिसातला. एका रविवारी तिने मोबाईलवर आईबापांना समोर बसवून सांगितलं, की लग्न जमैकाला करायचं. अमृतची आजी टोरांटोला राहते, तिला लांबचा विमानप्रवास झेपत नाही. जमैका हे बेट तिकडच्या सगळ्यांना जवळ पडतं. तिथल्या समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये चार-पाच दिवस राहायचं, मोजकी माणसं बोलवायची.

गहिनीनाथांनी आचाऱ्याचं विचारलं. ती म्हणाली, आचारी लागत नाही, तिथं सगळं आत असतं.

"आत म्हंजे कुठं?" त्यांनी विचारलं.

तिने समजावलं, की राहणं, खाणं, पिणं, सगळं एकदाच ठरवलेलं असतं. आत गेल्यावर कुठे पाकीट काढायचं नाही, कुणाला काही मागायचं नाही. त्यांनी मान डोलावली. फोन ठेवल्यावर बायकोला, विजयमालाबाईंना विचारलं, की तुला काही कळलं का. बाई म्हणाल्या, "समुद्र हाय येवढं कळलं."

त्यांचा चुलतभाऊ आसाराम प्रत्येक लग्नात त्यांच्या हाताखाली असायचा. त्याला ही बातमी सांगितली. तो म्हणाला, "मग आपन काय करायचं?"

डिसेंबरात दोघं निघाले. आधी एकदा लेकीकडे जाऊन आल्यामुळे अमेरिकेचा व्हिसा होता, म्हणून वाटेत अडचण आली नाही. बॅगेत अक्षता, हळद-कुंकू, अंतरपाटाचं कापड आणि बागेतले पेरू होते. पेरू विमानतळावर काढून घेतले गेले. राहात्याहून थंडीत निघालेली माणसं त्या बेटावर उतरली ती स्वेटर हातात घेऊनच.

रिसॉर्टच्या दारात एका मुलीने दोघांच्या मनगटाला निळी पट्टी बांधली. गहिनीनाथांच्या हाताला अशी पट्टी याआधी एकदाच लागली होती, हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी, नगरच्या दवाखान्यात. त्यांनी लेकीला बाजूला घेऊन विचारलं, की इथं काही तपासणी असते का. सुकन्या हसली. ही पट्टी दिसली की कुणीही काहीही देतं, म्हणाली, फक्त काढू नका.

पहिल्या दिवशी त्यांना काहीच उमगलं नाही. सकाळी जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं मांडलेली होती. माणसं यायची, ताट भरायची, अर्धं टाकायची, पुन्हा उठायची. कुणी कुणाला घे म्हणत नव्हतं. विजयमालाबाईंनी भात, राजमा, पपई आणि ब्रेड शोधून काढला आणि प्रत्येक पदार्थापुढे उभं राहून यात मांस आहे का, असं खुणेने विचारलं. खोलीतल्या छोट्या फ्रीजमधली पाण्याची बाटली गहिनीनाथांनी भीतभीत उघडली. दुसऱ्या दिवशी तिथं नवी बाटली होती. आपली चूक कुणीतरी गुपचूप झाकली, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी तीही प्यायली, तर तिसरी आली.

समुद्रकाठी खाटांसारख्या खुर्च्या होत्या. बहुतेक रिकाम्याच होत्या, पण प्रत्येकीवर टॉवेल टाकलेला होता. गहिनीनाथ एका खुर्चीवर बसले तर एका गोऱ्या बाईने येऊन टॉवेलकडे बोट दाखवलं. माणूस कुठेच नाही आणि जागा त्याची, हा प्रकार त्यांना एसटीतला वाटला आणि तेवढाच ओळखीचा वाटला. संध्याकाळी घरच्या सगळ्यांनी एका वेगळ्या हॉटेलात जेवायचं ठरलं. हेही आतलंच होतं, पण तिथं आधी नाव नोंदवावं लागायचं आणि चप्पल चालत नव्हती. गहिनीनाथांना अमृतचे बूट घालावे लागले. ते एक माप मोठे होते. सगळं फुकट असताना नाव का नोंदवायचं, आणि नाव नोंदवलेल्या माणसाच्या पायाकडे का बघायचं, हे त्यांनी जावयाला विचारलं. अमृतने समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि मधेच थांबला. त्यालाही ते नीट सांगता येईना.

आणि काम कुठेच नव्हतं. लग्नाचं सगळं बघायला रिसॉर्टची एक बाई होती, लांब वेण्यांची, हसतमुख. तिच्या मागे मागे गहिनीनाथ सगळीकडे फिरले. मांडव कुठे, तर समुद्रकाठी पांढरा घुमट आधीच उभा होता. फुलं सांगून झालेली. जेवण ठरलेलं. त्यांनी स्वयंपाकघर बघायचं म्हटलं तर ती म्हणाली, पाहुण्यांना आत जाता येत नाही. सुकन्याने त्याचं मराठी करून सांगितलं. 'पाहुणे' हा शब्द तिने जपून वापरला, पण तो गहिनीनाथांनी ऐकला.

आसारामचा फोन आला तेव्हा ते बाल्कनीत बसले होते. तयारी कुठवर आली, त्याने विचारलं. झाली म्हणे, गहिनीनाथ म्हणाले. कुणी केली, असं त्याने विचारल्यावर त्यांनी बागेला पाणी दिलंस का, असं उलट विचारलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सुकन्या आणि अमृत कसल्याशा कागदपत्रांसाठी गेले होते. गहिनीनाथांनी धोतर नेसलं, टोपी घातली, अक्षतांची पुडी काढली आणि विजयमालाबाईंना म्हणाले, चल. लग्न आपल्या घरचं आहे, आजूबाजूला एवढी माणसं आहेत, आमंत्रण द्यायला नको का? बाईंनाही ते पटलं. पोहण्याच्या तलावाकडे दोघं गेले. पाण्यातच एक बार होता. माणसं कमरेइतक्या पाण्यात बसून रंगीत सरबतं पीत होती. गहिनीनाथ काठावर वाकले, एकाच्या ओल्या हातावर अक्षता ठेवल्या आणि हात जोडले. "डॉटर. मॅरेज. टुमारो. कम," ते म्हणाले. एवढं इंग्रजी त्यांच्याकडे होतं आणि तेवढं पुरलं. उन्हाने लाल झालेल्या एका जाड माणसाने त्यांना मिठी मारली. दोन म्हाताऱ्या बहिणींनी कुंकू लावून घेतलं. टॉवेल वाटणारा पोरगा, झाडांना पाणी घालणारा माळी, संध्याकाळी सगळ्यांना नाचवणारी मुलगी, सगळ्यांना आमंत्रण गेलं. या बेटावर आल्यापासून पहिल्यांदाच गहिनीनाथांना आपण कोण आहोत ते कळत होतं.

दुपारी सुकन्या त्यांच्या खोलीत आली ती रागावूनच. वेण्यांच्या बाईने तिला गाठलं होतं. रिसेप्शनवर माणसं येऊन विचारत होती, की उद्याच्या लग्नाला कोणते कपडे घालायचे. लग्नाच्या जेवणाला खुर्च्या मोजक्याच ठरल्या होत्या. शिवाय त्या घुमटात त्यांच्यानंतर लगेच दुसरं लग्न होतं, आणि त्या नवरदेवालाही गहिनीनाथांनी अक्षता दिल्या होत्या.

गहिनीनाथ म्हणाले, की मग जेवण वाढवून सांगू. खुर्च्या कमी पडल्या तर खाली सतरंजी टाकू. आयुष्यभर ते हेच करत आले होते. त्यात अवघड काय, ते त्यांना कळेना.

"आप्पा, त्यांना जेवायला मिळतंच आहे. इथं कुणी उपाशी नाही," सुकन्या म्हणाली.

"जेवायचं न्हाई गं ते. मी लोकांच्या दारात चाळीस वर्सं उभा ऱ्हायलो. माझ्या लेकीच्या लग्नात मी कुनाला या म्हनू?"

सुकन्या खाटेच्या काठावर बसली. मग जे बोलली ते तिने ठरवलेलं नव्हतं, असं विजयमालाबाईंनी पुढे सांगितलं.

"रेश्माताईच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?" तिने विचारलं.

रेश्मा म्हणजे त्यांची सख्खी पुतणी. गहिनीनाथ आठवू लागले. भात कमी पडला होता, ते मागे होते.

"आणि मामाच्या लग्नात? आणि माझी दहावीची पार्टी होती तेव्हा? आप्पा, मी लहानपणापासून तुम्हाला एकाही मांडवात बसलेलं पाहिलेलं नाही. अमृतच्या आजीला लांबचा प्रवास झेपत नाही हे खरं आहे. पण आजी म्हणत होती, व्हीलचेअरवर येते राहात्याला. मीच नको म्हटलं. राहात्यात लग्न केलं असतं तर तुम्ही चुलीपाशी असता. मी अशी जागा शोधली, जिथं तुम्हाला काहीच काम नसेल."

लेकीने आपला मान ठेवला की आपल्याला बाजूला केलं, हे गहिनीनाथांना ठरवता येत नव्हतं. दोन्ही खरं वाटत होतं. ती गेल्यावर ते टोपी हातात घेऊन तसेच बसून राहिले. विजयमालाबाई एवढंच म्हणाल्या, की पोरगी खोटं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्रावरून जोराचा वारा होता. अंतरपाट धरणारे अमृतचे दोन मित्र कापडाबरोबर हेलकावे खात होते. गुरुजी टोरांटोहून आले होते, पण ते मराठी नव्हते, त्यांना मंगलाष्टकं येत नव्हती. म्हणून विजयमालाबाई आणि अमृतच्या आजी मिळून म्हणत होत्या, आणि दोघींच्या चाली जुळत नव्हत्या. गहिनीनाथ पहिल्या रांगेत, पांढरं कापड घातलेल्या खुर्चीवर बसले होते. पाठीमागे गडबड ऐकू आली. वळून पाहिलं तर कालचे लोक आले होते. जाड माणूस फुलाफुलांचा सदरा घालून, बहिणी टोप्या घालून, माळी हात पुसत. बसायला खुर्च्या नव्हत्या, म्हणून ते रांगेने वाळूत उभे होते.

गहिनीनाथ उठले. चार माणसं उभी असताना बसायची त्यांना सवयच नव्हती. अर्धवट उठलेल्या अवस्थेत त्यांचं लक्ष घुमटाकडे गेलं. अंतरपाट वाऱ्याने एका कोपऱ्यातून उचलला गेला होता, आणि त्या फटीतून सुकन्या त्यांच्याकडेच बघत होती. ते परत खाली बसले.

आता पुढे काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. शेकडो लग्नं त्यांना ठाऊक होती, पण ती आवाजावरून. 'शुभमंगल सावधान' ऐकू आलं, की मागे पंगतीची पानं मांडायला सुरुवात करायची, एवढाच त्या शब्दांचा त्यांना अर्थ. इथं ते शब्द कानावर आले आणि त्यांचे पाय आपोआप हलले. शेजारच्याने अक्षता टाकल्यावर त्यांनी टाकल्या, त्याही उशिरा. बऱ्याचशा वाऱ्याने परत त्यांच्याच अंगावर आल्या. अंतरपाट दूर झाला. आपल्या लेकीचं तोंड अशा वेळी कसं दिसतं, हे त्यांनी पाहिलं. आपल्याला रडू येतंय की हसू, हेही त्यांना लवकर कळलं नाही.

जेवणाचा प्रश्न वेण्यांच्या बाईनेच सोडवला. आलेल्या पाहुण्यांनी मोठ्या हॉलमधून आपापली ताटं भरून आणली आणि ते लग्नाच्या टेबलांभोवती गवतावर बसून जेवले. पट्टी सगळ्यांच्याच हाताला होती. कामावरची माणसं मात्र थांबली नाहीत. त्यांना पाहुण्यांत बसता येत नव्हतं. माळी सुकन्याच्या हातात एक फूल देऊन निघून गेला. ते गहिनीनाथांच्या मनाला लागलं, आणि त्याबद्दल कुणाशी बोलावं, हेही त्यांना समजेना.

निघायच्या दिवशी आणखीच उलटं झालं. आईबापांचं विमान आधी होतं, म्हणून लेक-जावई त्यांना पोचवायला विमानतळावर आले. विजयमालाबाईंनी दारातच नारळ नाही म्हणून एका संत्र्याने लेकीची ओटी भरली. पाठवणी म्हणजे लेक जायची आणि बाप दारात उभा राहायचा. इथं लेक दारात उभी राहिली आणि बाप बॅग ओढत आत गेला. काचेपलीकडून ती हात हलवत होती. गहिनीनाथ पुन्हा पुन्हा मागे वळत होते आणि रांगेतली माणसं त्यांना पुढे सरकायला सांगत होती.

राहात्यात पोचल्यावर आसाराम आणि शेजारपाजारचे भेटायला आले. लग्न कसं झालं, माणसं किती होती, जेवायला काय होतं. गहिनीनाथांनी माणसांचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, अंतरपाटाचं तर दोनदा सांगितलं. जेवणाचं त्यांना आठवेना. आसारामला ते खरं वाटलं नाही.

"न्हाई बघितलं," गहिनीनाथ म्हणाले. "मी बसलो हुतो."

मग चहा आला आणि बोलणं बागेतल्या पेरूंच्या भावावर गेलं.