फो कुऑन आणि जिरावणाची डबी

आमचे हे, म्हणजे बाळकृष्णराव, शर्टाच्या खिशात पेन ठेवत नाहीत, जिरावणाची डबी ठेवतात. जिरावण म्हणजे आमच्या इंदुरात पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला. पण यांना पोहेच लागतात असं नाही. वरणभात, काकडी, काहीही चालतं. परवा व्याह्यांकडच्या श्रीखंडावर भुरभुरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अशा बापाच्या पोटी मुकुल! कंपनीने त्याला हनोईला पाठवलं. तिथे तळ्याकाठच्या एका गल्लीत त्याने फो कुऑन खाल्लं आणि पोरगा कामातून गेला. नोकरी सोडून इथे इंदुरात, विजय नगरात, त्याचाच ठेला टाकला. तांदळाची पातळ चादर वाफवायची, नूडल्ससाठी कापतात तशी न कापता तिच्यात पुदिना, कोथिंबीर, गाजर गुंडाळायचं आणि आंबटगोड पाण्यात बुडवून खायचं. तिकडे आत मांस असतं, याने मशरूम घातले. दिसायला थेट सुरळीची वडी, फक्त पांढरीफटक.

वर ठेल्यावर पाटी लावली: 'शेव-जिरावण मिळणार नाही. मागू नये.' इंदुरात अशी पाटी म्हणजे हद्दच झाली. लोक पाटी वाचायचे आणि तरी म्हणायचे, "भिया, थोडी सेव तो डाल दो!" शेजारच्या ऋषभने घरून शेवेची पुडी आणली, तर मुकुलने त्याला ताटावरून उठवलं. गिऱ्हाईक रोडावलं.

"आई, बाबांना एकदा घेऊन ये," तो मला म्हणाला. "पण त्यांनी डबी काढली ना, तर मी समजेन की मी फेल. सगळं बंद करून टाकेन."

मला दोघांचाही राग आला. मसाल्याच्या डबीवर कुणी आयुष्य टांगतं का?

रविवारी यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. डबी घरी ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "मग चष्मा पण घरीच ठेवू क्या?"

बशी आली. यांनी एक गुंडाळी उचलली, हुंगली, परत ठेवली. आणि हात खिशाकडे गेला. मुकुलनेही ते पाहिलं. त्याने शेजारच्या गाडीवरून वाटीभर शेव आणली आणि यांच्यासमोर ठेवली.

"घ्या बाबा. तुमच्यासाठी चलता है."

त्याचा चेहरा पार उतरला होता.

यांचा हात खिशातून बाहेर आला, तो रुमाल घेऊन. शांतपणे बोटं पुसली, वाटी बाजूला सारली.

"मला पाटी वाचता येते," हे म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

मग सगळं खाल्लं. नुसतं. काढा घ्यावा तसं, एकेक घास. शेवटी म्हणाले, "पुदिना एकदम ताजा आहे रे. आणखी एक बशी लाव."

मुकुल गुंडाळ्या करायला वळला. पहिल्या दोन फाटल्या.

परतताना ठेला दिसेनासा झाल्यावर यांनी माझ्या खांद्यावर टकटक केली. "रोक जरा."

मी स्कूटर कडेला घेतली. यांनी डबी उघडली, तळहातावर जिरावण ओतलं, चाटलं आणि डोळे मिटून घेतले.

"मुकुलला सांगू नकोस," हे म्हणाले.

एवढ्या वर्षांत त्या डबीवरून मी यांना काय काय सुनावलंय.

आज मी हात पुढे केला. "मलाही द्या थोडं."