काळ्या कापडाखालची बटणं

तीन डाइव्ह कॉम्प्युटर घेऊन धाकटी सकाळपासून त्यांच्याशी भांडत होती. पाणबुड्यांच्या तुकडीत मनगटावरच्या या यंत्राला सगळे सरळ घड्याळच म्हणत. खोली किती, पाण्यात किती वेळ झाला, वर येताना कुठे किती मिनिटं थांबायचं, हे सगळं तेच सांगतं, आणि त्याचं न ऐकणारा माणूस वर आला तरी धड राहत नाही. जुनी घड्याळं मोडीत निघाली होती. तिन्हींतलं एक निवडून पाचच्या आत साहेबांच्या टेबलावर अहवाल ठेवायचा होता, कारण उद्या सकाळी सहाला दोन पाणबुडे धरणाच्या दरवाज्यापाशी उतरणार होते. त्यातला एक तिचा सख्खा भाऊ होता.

सामानघर तिच्या ताब्यात, त्यामुळे चाचणीही तिनेच बेतली होती. पारदर्शक डब्यात बर्फाचं पाणी, जाड हातमोजे, आणि पाणबुड्याच्या व डब्याच्या मध्ये काळं कापड. दरवाज्यापाशी एवढा गाळ असतो की डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही. बटण दाबलं की नाही हे बोटालाच कळलं पाहिजे. कापडाच्या या बाजूला बसून तिला मात्र बोटंही दिसत आणि घड्याळाचा पडदाही.

पहिल्या घड्याळाला दोनच बटणं. नुसतं दाबलं की पुढची ओळ, धरून ठेवलं की निवड, आणि हवी ती ओळ हुकली की अख्खा फेरा पुन्हा पहिल्यापासून. हा मेनू रचणारा शहाणा पंख्याखाली चहा पीत बसला असणार, असं तिचं ठाम मत होतं. दुसऱ्याला चार कोपऱ्यांत चार बटणं, प्रत्येकाला एकच काम; पण घड्याळ पकडून अंगठा टेकवला की समोरचंही दबायचं. तिसऱ्याला खाली एका ओळीत तीन, मधलं किंचित उंच, आणि दाबलं की मोज्यातूनही कट्कन कळायचं. दादाचा जोडीदार, ज्याला सगळे लांब्या म्हणत, सकाळीच तिन्ही करून गेला होता. त्याने पहिल्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि तिसऱ्याला शंभरपैकी नव्वद दिले.

दादा जेवण उरकून आला. बारा वर्षं पाण्यात काढलेला माणूस. मास्तरीणबाई, आम्हाला नापास करू नका, असं म्हणत त्याने बाह्या सारल्या.

तिने डाव्या मनगटावर पहिलं घड्याळ बांधलं आणि टाकी बदलायला सांगितलं. वर येताना पाणबुड्या दुसऱ्या टाकीतला वायू घेतो. घड्याळाला तसं कळवलं की ते थांबायची मिनिटं त्याप्रमाणे कमी करतं. दादाने बटण दाबलं, धरलं, सोडलं, पुन्हा धरलं आणि झालं म्हणाला. पडद्यावर दुसरीऐवजी तिसरीच टाकी निवडलेली होती. मेनू टाकाऊ आहे, लिहून टाक, असं तो म्हणाला, आणि तिने लिहिलंही. लांब्याचं मत तेच होतं. दुसऱ्या घड्याळावर दोन बटणं एकदम दबली. तोही दोष घड्याळाच्याच माथी गेला.

पण तिची नजर पडद्यावर राहिलीच नव्हती. लांब्याचा अंगठा आधी चाचपायचा, बटणाची कड लागली की थबकायचा आणि मग दाबायचा. दादाचा अंगठा थेट येऊन आदळत होता. ओठ हलत होते. तो दाबलेलं मोजत होता. सकाळी त्याच अंगठ्यावर टरारून फोड आलेला तिने पाहिला होता. कशाने भाजलं विचारलं तर, कोण जाणे, कपाने भाजलं असेल, असं तो म्हणाला होता.

तिसरं घड्याळ काढायला तिने खोक्यात हात घातला. त्याखाली त्याच घड्याळाचा, दुकानदाराने काचेच्या कपाटात मांडायला दिलेला नमुना होता. वजन तेच, पट्टा तोच, आत मात्र काही नाही, आणि बटणं म्हणजे अंगाशी एकजीव ओतलेलं प्लास्टिक. ती दबतच नव्हती. क्षणभर तिला स्वतःची लाज वाटली. सख्ख्या भावाला असं फसवायचं? तरी तिने कापडाखाली तोच बांधला.

"टाकी बदल," ती म्हणाली.

अंगठा आला. एक, दोन, तीन, मग तर्जनीने एकदा. लांब्याने सकाळी केला होता तोच क्रम, त्याच्याकडून ऐकून अगदी बिनचूक पाठ केलेला.

"झालं," दादा खूश होऊन म्हणाला. "हेच घेऊ. बटणं कशी स्वच्छ कळतात."

धाकटीने नुसतं कापड बाजूला केलं. दादाने मनगट पाण्याबाहेर काढलं, काळ्या कोऱ्या पडद्याकडे पाहिलं, बटणांवरून डोळे फिरवले आणि मान खाली घातली. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण एकाच घरात राहून तिला हे आज कळत होतं.

मग त्याने सांगितलं. मागे एकदा खूप खोलवर काम केलं, त्यानंतर अंगठा बधिर झाला. दीड महिना झाला. गेल्या बुडीत बटण एकदा दाबलं की दोनदा, हे कळलं नाही. घड्याळाने भलत्याच टाकीचा हिशेब धरला आणि लवकर वर जा म्हणून सांगितलं. लांब्याने पाय धरून खाली ओढलं नसतं तर तो आज इथे बसलेला नसता. लांब्याला वाटलं, घड्याळाचा मेनूच वाईट. दादाने त्याला तसं वाटू दिलं.

"तूही तसंच लिही," दादा म्हणाला. "पहिली दोन वाईट, तिसरं चांगलं. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. तिने विचारलं, उद्या गाळात पुन्हा तसंच झालं तर? त्याने हात झटकला. अंगठाच गेलाय ना, तर्जनीने दाबेन. तिसऱ्या घड्याळाला अंगठा लागतोच कशाला? बाकीची बोटं शाबूत आहेत, आणि अंगठाही येईल ताळ्यावर. पाण्याखेरीज मला दुसरं येतं तरी काय, असंही तो म्हणाला. भिंतीवर साडेचार झाले होते.

तिने त्याचे दोन्ही हातमोजे ओढून काढले, हात टॉवेलने कोरडे केले, आपल्या तळव्यांत चोळून ऊब आणली आणि त्याला डोळे मिटायला सांगितलं. डाव्या हाताच्या कुठल्याही बोटाला तिने नुसता स्पर्श केला की तो त्या बोटाचं नाव घेत होता. करंगळी. मधलं. पुन्हा करंगळी. तो हसलासुद्धा, लहानपणी तिला खेळात हरवल्यावर हसायचा तसा.

मग तिने त्याची उजवी तर्जनी धरली.

तो वाट पाहत राहिला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, मान थोडी कललेली, सगळं लक्ष बोटांकडे.

"दाब ना," तो म्हणाला.

ती मघापासून दाबत होती. तिचं नख त्याच्या बोटात रुतलं होतं आणि तिथली कातडी पांढरी पडली होती. तिने आणखी जोर केला, तिचे डोळे भरून आले, पण हात तिने सोडला नाही.

"अगं, दाब की."

"डोळे उघड, दादा."

त्याने उघडले. आपल्या बोटाकडे आणि तिच्या नखाकडे पाहिलं. मग डाव्या हाताने त्याने अहवालाचा कागद तिच्यासमोर सरकवला.

"हेही लिही," तो म्हणाला. "आणि लांब्याला मी सांगतो."