पंधरा दिवसांची मुदत

"मॅडम, हे बंद केलंत तर चाळीस माणसं उद्यापासून घरी बसतील," ऑपरेटर म्हणाला. कॉम्प्रेसरच्या घरघराटात त्याला ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे विनंतीसुद्धा भांडणासारखी ऐकू येत होती.

निरीक्षक बाई अमोनियाच्या टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाहत होत्या. दाब वाढला की त्याने आपोआप उघडायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या तपासणीची तारीख उलटून चार महिने झाले होते.

कारखान्यांच्या सुरक्षा खात्यात बाईंची सव्वीस वर्षं झाली होती. लोक त्यांना माघारी 'कुलूपबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. कितीतरी मॅनेजरांनी हात जोडले, गोड बोलून पाहिलं. बाई कधी बधल्या नाहीत. पण समोरचा माणूस मॅनेजर नव्हता. या शीतगृहात बावीस वर्षं यंत्रासमोर उभा राहिलेला, नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा कामगार होता.

"नवा व्हॉल्व्ह मागवलाय?"

"मागवलाय. ऑर्डर मी डोळ्यांनी बघितलीय. पंधरा दिवसांत येतोय. तोवर डोळ्यांत तेल घालून दाबाचा काटा बघतो. मी आहे ना, मॅडम!"

बाईंनी बंदीच्या आदेशाचा कागद बाहेर काढला होता. तो त्यांनी परत बॅगेत ठेवला आणि शेऱ्यात 'पंधरा दिवसांची मुदत' असं लिहिलं.

"आज कुलूप नाही?" परतताना ड्रायव्हरने विचारलं.

"नाही. आज जरा माणुसकी," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या.

अकराव्या दिवशी भर दुपारी दाब वाढला. व्हॉल्व्ह उघडला नाही. पाइपाचा जोड फाटला आणि पांढरा वायू हॉलभर पसरला. ऑपरेटरने हाताखालच्या सगळ्यांना ढकलत बाहेर काढलं, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि वायूची मुख्य चावी बंद करायला तो परत आत गेला. चावी बंद झाली. बाकी कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. त्याची फुफ्फुसं मात्र आतून भाजून निघाली.

चौकशी झाली. बाईंनी स्वतःहून लिहून दिलं, 'मी त्याच दिवशी यंत्र बंद करायला हवं होतं.' अधिकाऱ्यांनी तो कागद वाचून बाजूला ठेवला. मुदत नियमाला धरूनच होती. ठपका मालकावर आला. "सुटलात की!" सहकारी म्हणाले.

ऑपरेटरला दवाखान्यातून घरी आणल्याचं कळलं, तेव्हा बाई त्याला भेटायला गेल्या. पुढच्याच खोलीत खाट होती, शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं. त्याची बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती उठली, बाईंना खुर्ची दिली आणि पुन्हा घड्या घालू लागली.

"चुकलं... माझंच," दोन श्वासांच्या मध्ये तो म्हणाला. "मीच मुदत... मागितली."

"मागणाऱ्याचं काय चुकलं?" बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्याच्यामागं पोट असतं. तो मागणारच. नाही म्हणायला ह्या मॅडमना ठेवलं होतं ना?"

"काय बोलतेस..." तो कळवळून म्हणाला.

"बोलू द्या त्यांना. बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्या उठल्या. तोही उठू लागला.

"अहो, पडून राहा ना," बायको म्हणाली.

"दारापर्यंत... जातो." पाहुण्याला खाटेवरून निरोप देणं त्याला पटत नव्हतं.

त्याने नाकातली नळी काढून उशीवर ठेवली. खाटेपासून दार पाच-सहा पावलांवर होतं. तेवढ्या अंतरात तो दोनदा थांबला. दोन्ही वेळा बाई भिंतीवरच्या फोटोंकडे पाहत उभ्या राहिल्या. उंबऱ्याशी येऊन त्याने चौकट धरली. 'या' म्हणायला तोंड उघडलं, पण श्वास पुरला नाही.

बाई चपला घालायला खाली वाकल्या. चपलेचा पट्टा एका हाताने सहज लागला असता. त्यांनी तो लावला, काढला, पुन्हा लावला. आणि वर ऐकू येणारी धाप जरा कमी होईपर्यंत मान वर केली नाही.