आवाजाची वही

"पडली," मागच्या सीटवरून ग्रंथपालांच्या बायकोनं जाहीर केलं.

गाडी चौथ्यांदा बंद पडली होती आणि या वेळी तिनं चढाचा बरोबर मध्य निवडला होता. पुढे ढकलणं अशक्य, मागे सोडणं धोक्याचं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत बाजूनं जाऊ लागल्या. ग्रंथपालांनी हातब्रेक ओढला, खिशातून निळी वही काढली, घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहिली. घाम त्यांनी नंतर पुसला.

शेजारी मिस्त्री बसला होता. मांडीवर हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर. हे त्याचं एकमेव तपासणीयंत्र. टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: "तिसरा सिलिंडर. व्हॉल्व्ह." चाळीस वर्षं असे निकाल लागले आणि वरच्या कोर्टात एकही फिरला नाही. लोक त्याला कानसेन म्हणत. गाडीची लक्षणं अर्धवटच सांगत. उरलेलं तो ऐकेलच.

ही झाली कीर्ती. वस्तुस्थिती अशी होती की दोन वर्षांपासून मिस्त्रीला बारीक आवाज येईनासे झाले होते. आधी पक्षी गेले, त्यांची त्याला फिकीर नव्हती. मग फोनची घंटा गेली. बायकोला त्यानं सांगून टाकलं की हात काळे असतात म्हणून फोन पेटीत ठेवतो. मग व्हॉल्व्ह गेले. हे मात्र कोणालाच सांगण्यासारखं नव्हतं. गॅरेजच्या समोर, रस्त्यापलीकडे, काचेच्या दारांचं नवं वर्कशॉप झालं होतं. तिथे गाडीला वायर जोडली की कॉम्प्युटर आजार सांगायचा. गिऱ्हाईक रस्ता ओलांडत नव्हतं ते केवळ मिस्त्रीच्या कानामुळे. तो कान गेला हे कळलं असतं, तर पत्र्याच्या शेडखाली उरला असता एक म्हातारा आणि पान्ह्यांची पेटी. म्हणून तो अजूनही मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि चाळीस वर्षांच्या अनुभवाला विचारून निकाल द्यायचा. दहातले आठ बरोबर यायचे. डोळे मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिटलेले असायचे.

ग्रंथपालांची गाडी तीस वर्षांची होती. ती धूर ओकायला लागली तेव्हा भंगारात द्या, असं सगळ्यांनी सांगितलं. पण फाटलं म्हणून पुस्तक फेकणं ग्रंथपालांना उभ्या नोकरीत जमलं नव्हतं, ते निवृत्तीनंतर काय जमणार. त्यांनी इंजिनकाम करायचं ठरवलं. मिस्त्रीनं महिनाभर खपून इंजिन उतरवलं, बोअर करून आणलं, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं नवी घातली, एकेक नट स्वतःच्या हातानं आवळला. असं काम आता पुन्हा आपल्याकडे येणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. शेवटी आपल्या रिवाजाप्रमाणे त्यानं गाडीला स्वतःतर्फे एक नवी वस्तू दिली. इंजिन बांधलं की भेट द्यायची, हा त्याचा जुना नेम. कोणाला आरसा, कोणाला गिअरची मूठ. या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीला त्यानं चकचकीत, कुलपाचं झाकण बसवलं.

त्यानंतर गाडी बंद पडायला लागली.

रोज नाही. रोज पडली असती तर बरं झालं असतं. कधी वीस मिनिटांनी, कधी तासाभरानं, आचके देत थांबायची. पाव तास तिच्याकडे बघत उभं राहिलं, की जणू काही झालंच नाही अशी चालू. गॅरेजमध्ये उभ्या-उभ्या मात्र तासन्‌तास चालायची, पाहुण्यांसमोर शहाण्या झालेल्या मुलासारखी.

पहिल्या वेळी मिस्त्रीनं कार्बोरेटर उघडून धुतला. दुसऱ्या वेळी कॉइल बदलली. तापली की दगा देते, असा निकाल दिला. तिसऱ्या वेळी त्यानं स्क्रू-ड्रायव्हर लावून बराच वेळ डोळे मिटले आणि इंजिन त्याला काहीच म्हणालं नाही. तेव्हा तो घाबरला. बांधणीत आपलं कुठेतरी चुकलंय, इंजिन ते ओरडून सांगतंय आणि आपल्यापर्यंत पोचत नाहीये, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं धडधाकट इंजिनाचं हेड पुन्हा उघडलं. आत सगळं जिथल्या तिथे होतं. ते बघून त्याला जास्तच वाईट वाटलं.

प्रत्येक वेळी ग्रंथपाल वही पुढे करायचे. "मिस्त्री, एकदा नजरेखालून घाला. सगळं टिपलंय."

वही दिसली की ते काय म्हणतायत हे मिस्त्रीला कळायचंच. "सर, मी गाडी वाचतो. वह्या तुमच्या लायब्ररीत."

ग्रंथपाल हसून वही मिटायचे आणि तोंडी सांगू लागायचे. पण पस्तीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेल्या माणसाचा आवाज तो केवढा. मिस्त्रीला ओठ हलताना दिसायचे. दर दोन वाक्यांनी तो "हो, हो" म्हणायचा. माणसं सहसा याहून जास्त काही मागत नाहीत, हे त्याला दोन वर्षांत कळलं होतं.

"निदान पेट्रोल आहे का ते तरी बघा," आता चढावर मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या. त्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मीठ मागितलं तरी मैदानाच्या पलीकडून मागितल्यासारखं वाटे. आज त्या पहिल्यांदाच सोबत आल्या होत्या, "तुम्हा दोघांचं नक्की काय चाललंय ते बघायला."

"सकाळीच टाकी भरलीये," ग्रंथपाल म्हणाले.

"भरलीये म्हणून चालतेय का? बघा म्हणते ना."

ग्रंथपाल उतरले. मिस्त्रीही उतरून टाकीपाशी जाऊन उभा राहिला. ग्रंथपालांनी कुलपात किल्ली फिरवली आणि झाकण काढलं.

"बघा, हिलासुद्धा तुमचा कंटाळा आलाय," वहिनी खिडकीतून म्हणाल्या. "केवढा सुस्कारा सोडला."

"कोणी?" मिस्त्रीनं विचारलं.

"टाकीनं. आत्ता नाही का, फुस्स झालं? मला इथे आत बसून ऐकू आलं. तुम्ही तर तिच्या उशाशी उभे आहात."

मिस्त्री टाकीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर उभा होता.

"सर, असं नेहमी होतं?"

ग्रंथपालांनी होकारार्थी मान हलवली. वही त्यांच्या हातातच होती, पण या वेळी त्यांनी ती पुढे केली नाही. मिस्त्रीनं हात पुसले आणि स्वतः मागून घेतली.

अक्षर सुटं आणि सरळ होतं. पहिल्याच पानावर: 'पंपावर झाकण उघडताना टाकीत हवा शिरल्याचा आवाज. मिस्त्रींना सांगितले. हो म्हणाले.' दुसऱ्या वेळेच्या नोंदीखाली: 'तोच आवाज, अधिक मोठा. टाकी भरलेली असता गाडी लवकर बंद पडते. मिस्त्रींना सांगितले. हो, हो म्हणाले.' तिसऱ्या वेळेच्या खाली: 'वरीलप्रमाणे.'

मिस्त्रीनं 'वरीलप्रमाणे' दोनदा वाचलं.

"चालू करा," तो म्हणाला.

पाव तास थांबायची गरज पडली नाही. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

जुन्या झाकणाला टाचणीएवढं भोक होतं. जेवढं पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा त्यातून आत यायची. नव्या झाकणाला भोक नव्हतं. ते चोराला बंद होतं आणि हवेलाही. पेट्रोल जाईल तशी टाकी आतून आवळत जायची आणि इंजिनाला पुढचा घोट ओढवेनासा व्हायचा. पाव तासात कुठल्याशा फटीतून हवा झिरपली, की पुन्हा सगळं ठीक. इंजिनाचा काहीच दोष नव्हता. महिनाभराचं काम उत्तम होतं, भेट तेवढी वाईट निघाली. आणि ती वाईट आहे हे ती दर वेळी स्वतःच्या तोंडानं सांगत होती. नवशिक्यालाही ऐकून कळलं असतं.

टाकीवर सैलसं फडकं ठेवून ते गॅरेजला परत आले. मिस्त्रीनं भंगाराच्या डब्यातून जुनं झाकण शोधलं, पुसलं आणि बसवलं.

"एवढंच होतं?" वहिनी म्हणाल्या. "मग मध्ये ते इंजिन कशाला उघडलंत?"

"खात्री केली, वहिनी."

ग्रंथपाल त्याच्याकडे बघत होते. भलत्याच कपाटात पुस्तक शोधणाऱ्या वाचकाकडे ते असेच बघत असत, हाक न मारता. त्यांनी बायकोला गाडीत बसायला सांगितलं. मग मिस्त्रीच्या अगदी समोर येऊन उभे राहिले आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

"मिस्त्री, इंजिन फार छान झालंय."

मिस्त्रीला प्रत्येक शब्द ऐकू आला. रस्त्यापलीकडे काचेच्या दारात उभ्या असलेल्या दोघांनाही आला. त्यांनी वळून आधी ग्रंथपालांकडे आणि मग, जरा जास्त वेळ, मिस्त्रीकडे पाहिलं.

चार दिवसांनी ग्रंथपाल एक नवी निळी वही देऊन गेले. "जास्तीची होती," हे त्यांनी पहिल्या पानावर लिहूनच आणलं होतं. पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली आणि पुढच्या पानापासून रकाने आखलेले: तारीख, गाडी, आवाज. मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर पेटीत ठेवला आणि त्याच्या खिळ्याला वही टांगली.

"गाडीचा आवाज त्यात लिहा," तो गिऱ्हाइकांना सांगू लागला.

"आवाज काय लिहायचा, मिस्त्री? कसातरीच येतो."

"कसातरी म्हणजे कसा, ते लिहा."

"अहो, तुम्हीच ऐका की. कानसेन ना तुम्ही?"

एकानं 'खडखड' लिहिलं. दुसऱ्यानं त्याखाली 'खडखड, पण वेगळी' लिहिलं. तिसऱ्यानं पेन्सिल हातात घेतली, जरा विचार केला, पेन्सिल सोडली आणि रस्ता ओलांडला. ती दोऱ्याला थोडा वेळ हलत राहिली. पुढच्या महिन्यात गाड्या आठवड्याला दोनवर आल्या, त्यातली एक वाट चुकून.

एका दुपारी मिस्त्री शेडच्या मागच्या नळावर हात धुवून आला, तर वहीत नवी नोंद दिसली. त्यानं घाईनं चष्मा लावला. अक्षर ओळखीचं होतं. रकाने न जुमानता, तिरकं, वाणसामानाच्या यादीसारखं लिहिलेलं.

'चार वेळा फोन केला. इथे येऊन दोन हाका मारल्या. डबा बाकावर ठेवलाय. गार व्हायच्या आत जेवा.'

तारखेची जागा बायकोनं मोकळीच सोडली होती. नोंद दोन वर्षांपासून लागू धरायची असावी.

मिस्त्रीनं रस्त्याकडे पाहिलं. ती कोपऱ्यापर्यंत पोचली होती आणि मागे वळून बघत नव्हती. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.

तो बाकावर बसला आणि त्यानं डब्याचं झाकण काढलं. वाफ वर जाताना दिसली.